नव्या पासवर्डचे नऊ दिवस

हमदुल्लाभाईंबद्दल लिहायचं तर आधी माझी लाज सांगावी लागेल. ती वगळून लिहायचा प्रयत्न मी दोनदा केला. दोन्ही वेळा मी फार चांगली बाई दिसायला लागले, म्हणून कागद फाडले.

अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत एका व्हिलाचे मालकाने भिंती घालून चार भाग केलेत. त्यातला एक आमचा, शेजारचा त्यांचा. मधली भिंत इतकी पातळ की ते शिंकले की आमची लेक ओवी इकडून ‘ब्लेस यू’ म्हणते. मुसाफ्फाच्या एका वर्कशॉपमध्ये ते एसी मेकॅनिक आहेत, बावीस वर्षं झाली. गाव रत्नागिरीजवळ खाडीकाठी. बायको अन्वरी इथे त्यांच्याबरोबर, आणि म्हातारी आई तिकडे उझमाकडे, म्हणजे त्यांच्या बहिणीकडे.

आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात ते न बोलावता आले आणि आमचा गीझर बंद करून गेले. जूनमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी उकळतं. गीझर बंद ठेवला की त्याच्यात साठलेलं पाणी घरातल्या थंडाव्याने निवतं. म्हणजे गार पाणी हवं असेल तर गरमचा नळ सोडायचा. पुण्याहून आलेल्या मला हे उलटं शास्त्र पटायला दोन दिवस लागले. पुढे एसीचे फिल्टर, तुंबलेलं सिंक, दाराची कडी, सगळं त्यांनीच केलं आणि कधी चहापलीकडे काही घेतलं नाही. प्रकाशने, माझ्या नवऱ्याने, आपणहून त्यांना आमच्या वायफायचा पासवर्ड दिला. म्हणाला, मधे भिंतच तर आहे.

त्या वायफायवर ते रोज फक्त एक काम करायचे. संध्याकाळी सहाला, तिकडे साडेसात वाजलेले असताना, आईला व्हिडिओ कॉल. आईला ऐकू कमी येतं आणि आठवत तर काहीच नाही, पण रोज दिसणारा मुलाचा चेहरा ती ओळखायची. दिसत राहा, खंड पाडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे मला अन्वरीने सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं अशी पळवाटही मला नाही.

जूनच्या शेवटी आमचं नेट रोज सहा-सव्वासहाला जायला लागलं. दहा मिनिटांनी यायचं, परत जायचं. मी सहाला बेडरूममध्ये बसून ऑनलाइन गणिताची शिकवणी घेते. समोरची सहा मुलं अर्धवट तोंड उघडून गोठायची आणि मग त्यांच्या आयांचे मेसेज यायचे. कंपनीला फोन केला. त्यांनी राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. मी तो इतक्या वेळा बंद-चालू केला की बोटाला घट्टा पडायचा बाकी राहिला. मी तशीही लवकर तापते. त्यात भिंतीपलीकडून नेमका त्याच वेळी आवाज यायचा, ‘मा, मी हमदू.’ मी दोन आणि दोन चार केले. गणिताची बाई ना मी.

एका बुधवारी मी ओवीला पासवर्ड बदलायला सांगितला. ती म्हणाली, “बट व्हाय, मम्मा? अंकल यूजेस इट.” मी म्हटलं, प्रश्न विचारू नकोस. तिने बदलला.

गुरुवारी सहा वाजून दहा मिनिटांनी नेट गेलं.

म्हणजे दोष त्यांचा नव्हता हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. तेव्हाच उठून शेजारी जायला हवं होतं. पण नवा पासवर्ड द्यायचा म्हणजे तो बदलला होता हे सांगायचं, आणि का बदलला हेही. माझी जीभ उचलेना. शुक्रवारी हमदुल्लाभाई दारात भेटले, नेट बघून देऊ का म्हणाले. मी म्हटलं, सगळ्यांचंच बंद आहे, कंपनीचा माणूस उद्या येतोय. सोमवारी त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा ‘उद्या, इन्शाल्ला’ म्हणाले. खोटं बोलताना देवाचं नाव घ्यायलाही मी मागेपुढे पाहिलं नाही.

त्या दिवसांत ते सहा वाजता बाहेर रस्त्यावर उभे दिसायचे, कारण घरात मोबाइलला रेंज धड येत नाही. त्रेचाळीस डिग्रीत, घामाने निथळत, फोन तोंडासमोर धरून. चित्र अडकायचं. अन्वरी म्हणाली, मा नुसती बघत राहते. मी खिडकीचा पडदा ओढून शिकवणीला बसले.

प्रकाश रुवैसला साइटवर असतो, एकाआड एक शुक्रवारी घरी येतो. पुढच्या शुक्रवारी त्याच्यासमोरच नेट गेलं आणि मी अडवायच्या आत तो हमदुल्लाभाईंना घेऊन आला. त्यांनी वायरी तपासल्या, दिवे पाहिले. मग राउटर कुठे ठेवलाय ते पाहिलं. देवघराखालच्या कपाटात. देवाजवळ तो लुकलुकणारा काळा डबा मला बघवत नाही, म्हणून दिवा लावताना मी कपाटाचं दार लावून घेते. त्यांनी राउटरवर तळवा ठेवला आणि लगेच उचलला.

“वहिनी, हॉलचा एसी कधी बंद करता?”

साडेपाचला, मी म्हटलं. शिकवणीला आत जाते, मग रिकाम्या हॉलला गारवा कशाला? खोली सोडली की बटण बंद, ही आमच्या घरची शिस्त, आणि मी ती चारचौघांत मिरवत आले होते.

“मग हा बिचारा आत शिजतो,” ते म्हणाले. “तापला की स्वतःच बंद पडतो, जरा निवला की चालू. लाइनमध्ये प्रॉब्लेम नाही. खलास.”

त्यांनी राउटर काढून उघड्या फळीवर ठेवला. दहा मिनिटांत सगळं सुरळीत झालं. प्रकाश खूश होऊन चहा टाकायला गेला. तो आत गेल्यावर हमदुल्लाभाईंनी आपला फोन खिशातून काढला आणि माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर पासवर्डचा रिकामा चौकोन होता.

“वहिनी, तुम्हीच टाका.”

नेट गेलं की फोन पासवर्ड मागत नाही. बदलला की मागतो. हे त्यांना पहिल्याच संध्याकाळी कळलं असणार. तरी ते दोनदा दारात येऊन नेट बघून देऊ का विचारून गेले होते, मी आपणहून सांगावं म्हणून. टाकताना मी दोनदा चुकले. “हमदुल्लाभाई, मी...” म्हणाले, तर त्यांनी हातानेच राहू दे म्हटलं. घड्याळात साडेसहा होत आले होते. मा झोपण्याआधी लावतो, म्हणाले, आणि आमच्या सोफ्याच्या कडेवर टेकले.

चित्र इतकं स्वच्छ आलं की आईच्या कपाळावरच्या सुरकुत्या मोजता आल्या असत्या. “मा, मी हमदू,” ते मोठ्याने म्हणाले. तिने डोळे बारीक केले. उझमा तिच्या कानाशी काही बोलली. म्हातारीने मान हलवली.

“फोन ठेव बाबा,” ती म्हणाली. “माझ्या हमदूचा फोन यायचाय.”

हमदुल्लाभाईंनी “बरं” म्हटलं आणि खरंच फोन ठेवला. रुमालाने तोंड पुसलं, केस नीट केले आणि पुन्हा लावला. तिने पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा उझमाने हळूच सांगितलं, मा झोपली.

प्रकाश चहा घेऊन आला आणि विचारू लागला, काय, चालतंय ना आता? हमदुल्लाभाईंनी कप घेतला. माझ्याकडे बघितलं नाही.

“एकदम क्लिअर,” ते म्हणाले.