सहदेवी नव्हे, भांबुर्डा

मुकुंदा गेल्याची बातमी मला फोनवर, आमच्या रविवारच्या टेकडीवाल्यांच्या ग्रुपवर कळली. त्याचा टोपीतला फोटो आणि खाली निरोपांची रांग... 'काकांनी मला गवताकडे बघायला शिकवलं,' असं कुणीतरी लिहिलं होतं. मी चष्मा लावून सगळे निरोप वाचले आणि पहिला विचार मनात आला तो हा, की मी गेल्यावर इतके येतील का? सहा आठवडे झाले, त्या विचाराची लाज अजून जात नाही, म्हणून आधी तोच लिहून टाकला.

नारायण पेठेतल्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक झालो आणि मुकुंदा बारावीनंतर टपाल खात्यात लागला. रविवारी आम्ही दोघं टेकडीवर लोकांना झाडं दाखवायचो; सुरुवातीला ते माझ्यासाठी यायचे. वर्षभरात ते त्याच्या मागून चालायला लागले. तो वाकायचा, पान खुडून चुरगळायचा, हुंगायचा आणि मागच्याच्या हातात द्यायचा. मी पुष्पसमूहाची व्याख्या सांगितली की लोक घड्याळ बघत. तो म्हणे, "हे एक फूल नाही बरं का, अख्खी सोसायटी आहे. शंभर बिऱ्हाडं, आणि एक भांडण नाही!" की सगळे गुडघ्यांवर बसत.

असाच एक फेब्रुवारीतला रविवार. खडकाच्या कपारीत एक हातभर उंचीचं झुडूप होतं, लवदार पानांचं. फुलं सुकून त्यांचा कापूस झाला होता, रंग ओळखू येत नव्हता.

"हा भांबुर्डा," मुकुंदा म्हणाला. "शिवाजीनगर म्हणजे पूर्वीचं भांबुर्डे. ते नाव याच्यावरूनच पडलं, असं माझे आजोबा सांगायचे. गावाचं नाव गेलं, हा बिचारा राहिलाय."

लोक हरखले. एका कॉलेजातल्या मुलीनं वहीत लिहून घेतलं.

"सहदेवी आहे ती," मी म्हणालो.

"सर, वास तर घेऊन बघ." चारचौघांत 'सर', आणि पुढे लगेच 'बघ'... त्याचं हे असंच.

"मुकुंदा, वनस्पतिशास्त्र नाकानं करत नाहीत."

लोक हसले. तोही हसला आणि चुरगळलेलं पान त्यानं माझ्या शर्टाच्या खिशात ठेवलं.

दुपारी बायको शर्ट धुवायला टाकत होती. "अहो, खिशात काय कोंबलंय? कापरासारखं उग्र काहीतरी..." सहदेवीला असला वास नसतो. तरी भिंग काढून पाहिलं. भांबुर्डाच.

फोन समोर होता, केला नाही. रविवारी सांगू म्हटलं. रविवारी मुकुंदा त्याच खडकापाशी नव्या लोकांना सांगत होता, "ही सहदेवी. मी भलतंच बोललो होतो, आमच्या सरांनी दुरुस्त केलं." मी गप्प बसलो. मग अकरा वर्षं, दर हिवाळ्यात, माझी चूक तो माझं नाव घेऊन अभिमानानं सांगत राहिला. फक्त त्या एका झाडाचं पान त्यानं पुन्हा कधी चुरगळलं नाही. का, ते विचारण्याचं धैर्य मला झालं नाही.

गेल्या रविवारी टेकडीवर गेलो. ती वहीवाली मुलगी आता शाळेत शिकवते. नव्या लोकांना ती खडकापाशी थांबवून सांगत होती, "ही सहदेवी."

"तो भांबुर्डा आहे," मी म्हणालो. "मुकुंदाचं बरोबर होतं. मी चुकीचं सांगितलं, आणि ते मला त्याच दिवशी कळलं होतं." अकरा वर्षांत न जमलेली तीन वाक्यं.

मग ती जवळ आली, माझा हात धरून समजुतीच्या सुरात म्हणाली, "सर, तुम्हाला आज त्यांची फार आठवण येतेय. पण काका इतकी वर्षं सहदेवी म्हणत होते. ते उगाच नाही म्हणायचे."

आणि ती पुढच्या झाडाकडे वळली, लोक तिच्या मागून गेले. मुकुंदाच्या शब्दापुढे माझ्या कबुलीचंही काही चाललं नाही. आणि आता खोटं कशाला लिहू... त्या क्षणीही मला त्याचा हेवाच वाटला.