कौसाबाईचा घाटा

आमच्या गावाला भांडण नीट करता येत नाही, पण अबोला मात्र वर्षानुवर्षं टिकवता येतो. कौसाबाईच्या वाट्याला तो आला, तो काही तिनं चोरी केली म्हणून नाही आणि कुणाच्या तोंडाला लागली म्हणूनही नाही. तिनं शेजारणींच्या हातावर त्यांच्या कष्टाचे पैसे ठेवले, एवढाच तिचा गुन्हा.

गाव तापीकाठचं, नंदुरबारपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. एकोणीसशे पंचविसाच्या आसपासची गोष्ट. नवरा लोटन पाटील साप चावून गेला तेव्हा कौसाबाई अजून तिशीतही नव्हती, पदरी मूल नव्हतं. दिरांनी तिला एक खोली, तिच्यावरचं मातीचं सपाट धाबं आणि वर्षाची ज्वारी दिली. उपाशी ठेवलं नाही, हे दिरांचं म्हणणं खरं आहे. पण मिठाच्या खड्यासाठीसुद्धा कुणापुढे तरी उभं राहायचं, हे तिला सोसवेना.

तिला बिबडे उत्तम यायचे. ज्वारीच्या पिठाचा तीळ-जिरं घालून पातेल्यात घाटा शिजवायचा आणि तो गरम असतानाच ओल्या धोतरावर हातानं पातळ थापून उन्हात वाळवायचा, हे आमच्याकडे घरोघरी होतं. पण घाटा थांबत नाही. निवला की दगड होतो. म्हणून हे काम एकटीचं नव्हे. आज हिच्या धाब्यावर, उद्या तिच्या धाब्यावर, अशा सगळ्या बाया पाळीनं एकमेकींकडे जातात. शेवटी पातेल्याच्या तळाशी राहिलेला घाटा तेल घालून एका ताटात घेतात आणि गोल बसून खातात. खरं तर बाया या शेवटासाठीच येतात, असं माझं मत आहे.

नंदुरबारात अमरचंद शेठचं दुकान होतं. मारवाडातून आलेली जैन घरं पावसाळ्याचे चार महिने हिरवी भाजी खात नाहीत, तेव्हा त्यांना असलं वाळवण लागतं. पण लसूण नको, पाणी गाळलेलं हवं आणि चूल दिवस उगवल्यावरच पेटलेली हवी. कौसाबाईनं तिन्ही गोष्टी कबूल केल्या. सारं गाव पहाटेच्या गारव्यात घाटा रटरटवून मोकळं व्हायचं. ही मात्र सूर्य वर येईपर्यंत पातेल्याजवळ हात बांधून बसायची, आणि मग रणरणत्या उन्हात धाब्यावर थापायची. नंदुरबारहून कोण बघायला येणार होतं? कुणीच नाही. तरी बसायची.

पहिल्या उन्हाळ्यात बाया नेहमीसारख्या आल्या. सगळ्यात पुढे रुक्मिणीबाई. तिचं धाबं कौसाबाईच्या धाब्याला लागून, मध्ये फक्त गुडघ्याएवढी मातीची भिंत. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या, एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढलेल्या. घाटा संपला, ताट पुसून झालं, आणि बाया उठल्या तशी कौसाबाईनं एकेकीच्या हातावर दोन आण्यांची चवली ठेवली.

आता ती सवाष्ण असती तर तिनं खण देऊन ओटी भरली असती, आणि याच बायांनी हसत पदर पुढे केला असता. विधवेला ओटी भरायची सोय नव्हती. मग द्यायला तिच्याजवळ दुसरं होतं काय?

रुक्मिणीबाईनं चवली पातेल्याच्या झाकणावर ठेवली.

"कौसा, आम्ही काय तुन्हाकडे मजुरीले उनूत?"

"हाई इकाना माल शे, बहीण," कौसाबाई म्हणाली. "तुमना हात फुकट कसा लेऊ मी?"

पाटलांच्या घरांतल्या बायांना मजूर ठरवलं, ही बातमी संध्याकाळच्या आत गावभर झाली. दुसऱ्या दिवशी कौसाबाईच्या धाब्यावर कुणी फिरकलं नाही. त्यानंतर कुणी आलंच नाही.

गावकुसाबाहेरच्या मजूर बाया लावाव्यात तर तो माल व्यापाऱ्यांच्या घरी चालत नव्हता. तसा तो काळ होता, आणि त्याबद्दल चांगलं असं काही मला बोलता येत नाही. कौसाबाईनं मोठं पातेलं उलटं करून ठेवलं आणि लहानशी पातेली घेतली. एकटीच्या हातानं निवायच्या आत थापून होईल एवढाच घाटा शिजवायचा, पुन्हा खाली उतरायचं, पुन्हा चूल. दिवसभर जिना चढ-उतार. माल थोडा निघायचा, पण कागदासारखा पातळ. अमरचंद शेठ आणखी मागू लागला, आणि तिची अडचण ऐकून त्यानं तोडही सुचवली.

"इतलं खरं बोलीसन धंदा नही होत, कौसाबाई. भाचीना सासरले धाडाना बिबडा शेतस, अस सांगी दे. बाया पयत येतीन."

"मंग भाची कोठेन लयसु, शेठ?"

शेठ हसला. तिनंही हसून घेतलं. पण गाडीतून परत येताना ती वाटभर त्या नसलेल्या भाचीचा विचार करत होती. एक शब्द बोलायचा अवकाश, की धाबं पुन्हा भरणार होतं. मोह झाला नाही असं कोण म्हणेल? घरी येऊन तिनं लहान पातेली घासली.

विशेष म्हणजे दुसऱ्यांकडे जायची आपली पाळी तिनं कधी चुकवली नाही. लग्नघर सोडलं तर कुणाच्याही धाब्यावर बिबडे असले की ही जायची. कडेला बसायची, भराभर थापायची. कुणी "ये" म्हणत नव्हतं आणि "जा"ही म्हणत नव्हतं. गोल करून बाया ताटाशी बसल्या की ही हात धुऊन घरी यायची. मग भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज यायचा. तो सगळ्यात वाईट. आपल्या पातेल्याचा तळ ती तिथल्या तिथे बोटानं खायची, ताट घेत नव्हती. एकटीसाठी ताट कशाला भरायचं, असं तिला वाटे. कधी कधी दिवसभरात स्वतःचा आवाज ऐकला नाही म्हणून ती चुलीला काहीतरी बोलायची.

अशी बरीच वर्षं गेली. बाया पोक्त झाल्या, सुना आल्या, अबोल्याचं कारण सुनांना माहीतसुद्धा नव्हतं, तरी त्यांनी तो पाळला.

मग एका हिवाळ्यात रुक्मिणीबाईचा नवरा गेला. उन्हाळ्यात तिच्याच घरी पुतणीचं लग्न निघालं. रुखवताचे बिबडे धाब्यावर सुरू झाले, आणि जावांनी तिला खाली शेंगा फोडायला बसवलं. शुभकार्यात विधवेचा हात नको. वर्षानुवर्षं त्या धाब्यावर जिचा आवाज सगळ्यात मोठा, ती खाली बसून वरचं हसणं ऐकत राहिली. बराच वेळ ऐकलं, आणि मग उठली.

कौसाबाई चुलीजवळ पाण्याला आधण यायची वाट बघत होती. दारात सावली पडली.

"पानी उकयनं का?" रुक्मिणीबाईनं विचारलं.

कौसाबाईनं कोपऱ्यातलं मोठं पातेलं सरळ केलं.

दोघींनी मिळून घाटा शिजवला, वर नेला, थापला. बोलणं झालं ते "धोतर ओढ", "पानी लाव" एवढंच. काम संपत आलं तशी कौसाबाईचा हात पदराच्या गाठीवर गेला. गाठीत चवली होती. दिली तर ही पुन्हा भिंतीपलीकडे जाईल. नाही दिली तर इतकी वर्षं आपण कशासाठी काढली? शेवटी तिनं गाठीवरचा हात काढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं हार मानली, आणि तिला त्याचं वाईटही वाटलं नाही, एवढी ती एकटेपणाला कंटाळली होती.

रुक्मिणीबाई हात धुऊन समोर उभी राहिली. तळवा पुढे केला.

"मन्ही मजुरी?"

"तू काय मजूर शे का, रुक्मा?"

"दे वं. या हातवर मन्हं सोतानं कधी काही पडनं नही."

कौसाबाईनं गाठ सोडली. रुक्मिणीबाईनं चवली बघितली, आपल्या पदरात घट्ट बांधली, आणि पातेल्याशी फतकल मारून बसली.

"आते घाटा वाढ. भूक लागनी."

कौसाबाईनं ताट काढलं, तळ खरवडला, तेल ओतलं. पहिला घास रुक्मिणीबाईच्या तोंडात गेला आणि ती थांबली.

"कौसा, मीठ?"

दारात सावली पडली त्या घटकेला मीठ घालायचंच राहून गेलं होतं. अख्खं धाबं अळणी बिबड्यांनी भरलं होतं, मोठ्या पातेल्याचा पूर्ण माल.

"राहू दे. वायी जातीन, इकाई जातीन. कोनले समजी?" रुक्मिणीबाई म्हणाली.

"खानाराले समजी."

त्यातला एकही बिबडा नंदुरबारला गेला नाही. ही सगळी हकीकत रुक्मिणीबाईनंच मला म्हातारपणी सांगितली, पदराची गाठ चाचपत. त्या वर्षीच्या पावसाळ्यात गावात दोन चुलींवर अळणी बिबडे भाजले गेले, आणि दोघींपैकी एकीनंही वरून मीठ घेतलं नाही.