समीर नावाचे दोघे

चैत्र सरताना बदनापुरात वारा वाहत नाही, भाजतो. तापल्या पत्र्यांचा आणि कोरड्या मातीचा उग्र गंध घेऊन तो अंगावर येतो. अशाच एका दुपारी, आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला नव्यानं आलेल्या समीरला घेऊन मी आबांची भाड्याची खोली पाहायला गेले. आबा आमचे जुने, प्रेमळ शेजारी. सकाळी फोनवर नाव ऐकून किती खुलले होते! "समीर? आमच्या नातवाचं बी नाव तेच हाय की! घेऊन या जल्दी."

चहा झाला. खोली पसंत पडली. मग आबांनी सहज विचारलं, "आडनाव काय म्हन्लं?"

"शेख."

आबांची नजर जमिनीकडे वळली. "बाई, घरात लेकीबाळी हायेत. माझा नाइलाज हाय."

संस्कृतात समीर म्हणजे वारा. अरबीत समीर म्हणजे रात्रीच्या गप्पांचा सोबती. दोन्ही भाषांचं कूळ वेगळं, मूळ वेगळं, आणि तरी निव्वळ योगायोगानं त्या एकाच उच्चारापाशी येऊन पोचल्या. शब्दांना जमलं ते माणसांना का जमू नये? सकाळी ज्या नावानं दार उघडलं, त्याच नावावर दुपारी ते बंद व्हावं? आणि ज्या 'नाइलाजा'च्या आड आबा लपले, तोही अरबी-फारसीतूनच आलेला! त्याला मात्र यांच्या जिभेवर पिढ्यान्‌पिढ्या बिनभाड्याची जागा!

"आबा, नातू उद्या शिकायला पुण्यात गेला आणि त्याला कुणी असंच परत पाठवलं तर?" मी विचारलं. आबा कपबशा गोळा करू लागले. समीरनंच हात जोडले, "चहा छान होता, आबा," म्हणाला आणि पायऱ्या उतरला. त्याची ती सभ्यता पाहून माझा संताप अधिकच उसळला. आबांशी मी आजही बोलत नाही. बोलावंसं वाटतही नाही.

पलीकडच्या गल्लीत विमलबाई राहतात, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. त्यांच्या दारात उभं राहताच समीरनं आधीच सांगून टाकलं, "मी समीर शेख."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "बरं. नळाला पानी रोज येत न्हाई. भागंल का तुमचं?"


समीर त्या दिवशी पहिल्यांदाच हसला.