फळीवरचे तीन साचे

मी कवळ्या बनवतो. तीस वर्षं लोकांच्या तोंडाची मापं घेतोय आणि माझ्या कामाला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत. त्यामुळे माझा थोरला भाऊ, दादा, "खालची बसत नाही रे" म्हणाला, तेव्हा माझं टाळकंच सरकलं.

"तीन वर्षं बसली ना? मग आताच काय धाड भरली? पाण्यात न ठेवता कोरडी टाकली असशील कुठेतरी!"

दादा बस चालवायचा. हिरड्या खराब होऊन चाळिशीतच त्याचे सगळे दात गेले होते. पहिली कवळी मी अशी जमवली होती की त्याच दिवशी त्यानं सफरचंद चावून दाखवलं. म्हणून माझी चूक असेल असं माझ्या मनातही आलं नाही. कुरकुरत नवं माप घेतलं, प्लास्टरचा साचा ओतला, दुसरी कवळी केली. अजून तीन वर्षांनी पुन्हा तेच रडगाणं, आणि तिसरी.

एव्हाना त्याचा खालचा जबडा चांगलाच पुढे आला होता. डेपोत त्याला 'बंपर' म्हणायला लागले. तोही हसायचा. "धडक झाली तर आधी मीच लागणार," म्हणायचा.

"अण्णांचा जबडा उतरलाय तुझ्यात," मी म्हणायचो. अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा आधी हनुवटी दिसते, मग अण्णा. खाण तशी माती, विषय संपला.

एकदा वहिनी दुकानात आली. "भावजी, ह्यांची अंगठी कापून काढावी लागली. बूट एक नंबर मोठा लागतो. डोकं तर रोज दुखतं. कुणाला दाखवायचं का?"

"बसून बसून अंग सुटलंय, वहिनी. बाकी काही नाही." मी, अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला! तिनं माझं ऐकलं, हेच वाईट झालं.

दोन वर्षांनी, भर दुपारी, वळणावर दादानं सायकलवरच्या एका बाईला उडवलं. तिचा पाय मोडला. दादा एकच सांगत राहिला, "ती दिसलीच नाही रे." डोळे तपासले तर दोन्ही बाजूंचं त्याला दिसतच नव्हतं, फक्त समोरचं दिसायचं. तिथून मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी आधी डोळे नाही, दादाची हनुवटी पाहिली, मग हाताचे पंजे.

"जबडा कधीपासून असा?"

दादाच्या आधी मीच बोललो. "घराण्याचाच आहे."

"वडिलांचा तरुणपणापासून असेल. ह्यांचा?"

दादाचे जुने फोटो सगळे दाढीतले. मग मी दुकानातून साचे आणले. प्रत्येकाचा साचा मी तारीख घालून फळीवर ठेवतो. बाईंनी तिन्ही टेबलावर ओळीनं मांडले. पहिल्यापेक्षा दुसरा रुंद, दुसऱ्यापेक्षा तिसरा. आंधळ्यालाही बोटांनी कळलं असतं.

"दात गेले की जबडा झिजतो ना?" त्यांनी मला विचारलं.

झिजतो. हे मला ठाऊक नसेल तर कुणाला? दादाचा वाढत होता, आणि मी फक्त कवळी मोठी करत होतो.

साखरेचं पाणी पाजून रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला. मेंदूखालच्या ग्रंथीत गाठ निघाली. वाढीचा रस तीच जास्त सोडत होती आणि डोळ्यांच्या नसाही तीच दाबत होती. नाकातून ती काढली. बाई म्हणाल्या, "हाड आता वाढणार नाही, पण मागेही जाणार नाही. दुसऱ्या कवळीच्या वेळी आला असतात तर डोळे वाचले असते." मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑपरेशनपर्यंत गाठीनं नसा आणखी दाबल्या होत्या; एक डोळा पार गेला. दुसऱ्यानं उजेड आणि सावल्या कळतात. बस सुटली ती सुटलीच.

परवा त्याची चौथी कवळी बसवली. पहिल्याच फटक्यात बसली. दादानं दोनदा दात वाजवून पाहिले, खूश झाला. सवयीनं मी त्याच्या हातात आरसा दिला. दिला आणि चरकलो. त्यानं तो तोंडासमोर धरला, बाहीनं पुसला, पुन्हा धरला. मग मी कुठे असेन त्या अंदाजानं चेहरा वळवला.

"कशी दिसते, तूच सांग रे," तो म्हणाला. "तुला कळतं त्यातलं."