फौजदारीण आणि तिचा गरीब अमीबा

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिला सगळे फौजदारीण म्हणत, अर्थात ती कानाच्या टप्प्यात नसताना. ती मुख्य स्वयंपाकीण. घासलेल्या पातेल्यावरून बोट फिरवायची आणि बोट चिकटलं की पातेलं पुन्हा घासायला टाकायची. कोशिंबिरीच्या कच्च्या भाज्या चिरायला तिचीच धाकटी जाऊ होती. एकाच घरात राहणाऱ्या या दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. घरचा ओटा मात्र थोरलीचा. तिथे जावेने साधी सुरी उचललेलीही तिला खपत नसे. लाडक्या नातीचं ताट तर फक्त तीच वाढायची.

मग पोरांना आमांश झाला. अर्धा मजला आडवा पडला. वॉर्डनने स्वयंपाकघरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी करवली आणि अमीबा सापडला तो नेमका फौजदारणीच्या पोटात.

"माझ्या? अहो, मला जन्मात कधी जुलाब झाले नाहीत!"

"म्हणूनच तर गुपचूप रोग वाटत होतात लोकांना, जाऊबाई," धाकटी सगळ्यांदेखत म्हणाली, आणि वर हसली.

वॉर्डनने फौजदारणीला घरी बसवलं. घरी येऊन तिने झारा ओट्यावर आपटला.

"मी विषारी ना? मग इथलंही तूच कर. मी हात लावायची नाही!"

"आई, असं काय करता? पोरीला तुमच्याच हातचं लागतं," सून म्हणाली.

पण फौजदारणीला जावेची फजिती बघायची होती. चार दिवसांत सगळे नाक मुठीत धरून येतील, अशी तिची खात्री. कोणी आलं नाही. जाऊ चांगलं रांधायची. नातसुद्धा तिने चिरलेली फळं मिटक्या मारत खाऊ लागली आणि आजी आतल्या आत जळत राहिली.

महिन्याभराने डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. सगळ्यांचे नमुने पुन्हा घेऊन मोठ्या प्रयोगशाळेत पाठवले होते, त्यांचा निकाल आला होता.

"मायक्रोस्कोपखाली हे अमीबे जुळ्या भावंडांसारखे दिसतात," त्या म्हणाल्या. "पण एक आतडी कुरतडतो, दुसरा नुसता बसून खातो. तुमचा गरीब निघाला. पोरांना झाला तो दुसरा."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! चोर कोण मग?"

"तुमच्या जाऊबाई. पहिल्या वेळी त्यांच्यात दिसला नाही. तो रोज बाहेर पडतोच असं नाही. त्यांनाही त्रास नाही. वाईट जातीचा अमीबासुद्धा एखाद्याच्या पोटात मुकाट राहतो आणि दुसऱ्याला लोळवतो."

फौजदारीण घराकडे सुटली. जावेसाठी एकेक शिवी निवडत होती. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता. दारातच सून दिसली, नातीला खांद्यावर टाकून धावत निघालेली. कालपासून पोट दुखत होतं, आता शौचातून रक्त पडत होतं.

दवाखान्यात पोरीला सलाईन लावलं. फौजदारणीकडून सगळं कळल्यावर जाऊ भिंतीला टेकून रडू लागली.

"मला खरंच ठाऊक नव्हतं हो, जाऊबाई."

शिव्या तोंडाशी आल्या, पण एकही बाहेर पडेना. जावेला ओट्याशी कोणी उभं केलं, हे सून जाणून होती, आणि ती सासूकडेच बघत होती.

तेवढ्यात वॉर्डनचा फोन आला. "मावशी, तुमचा काही दोष नव्हता. उद्यापासून या कामावर."

"कोण म्हणतं नव्हता?" ती खेकसली आणि फोन बंद केला.