गुळाचा खडा

स्पिरिटचा वास आला की मला मुलुंडच्या आमच्या चाळीतलं स्वयंपाकघर आठवतं. दादा रोज सकाळी स्टोव्हवर काचेची सिरिंज उकळायचा, माठापाशी ओल्या फडक्यात ठेवलेली इन्सुलिनची बाटली काढायचा आणि मांडीत टोचून घ्यायचा. डायबेटिस असूनही त्यानं शरीर असं कमावलं होतं की चाळीतली पोरं त्याचे दंड दाबून बघायची. त्या वर्षी शरीरसौष्ठव स्पर्धा नेमकी शनिवारी आली. व्यायामशाळेतले सगळे मारुतीचा कडक उपास धरायचे आणि स्पर्धा संपल्यावर गूळ-खोबऱ्याच्या प्रसादानं सोडायचे. दादानंही धरला, इंजेक्शन मात्र चुकवलं नाही. संध्याकाळी स्टेजवर तो घामानं निथळत होता, अंग थरथरत होतं. लोकांना वाटलं स्नायू उडवतोय, त्यांनी शिट्ट्या मारल्या. खाली उतरून तो प्रसादाच्या ताटाकडे गेला आणि जड जिभेनं म्हणाला, "वस्ताद, गूळ द्या ना थोडा." वस्तादांचा तो फार लाडका. त्यांनी ताटच वर उचललं. "वेडा झालास काय रे? तुला गोड म्हणजे विष!" आई मागून म्हणाली, "बरं केलंत." दादा तिथंच कोसळला. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. "इन्सुलिन घेऊन उपाशी राहिला, साखर पार उतरली. गुळाच्या खड्यानं वाचला असता," ते म्हणाले. ताट अजून वस्तादांच्या हातातच होतं. आता मीही तेच इंजेक्शन घेते. सून माझ्यापासून गोडाचे डबे लपवते, आणि मी तिच्यापासून उशीखालचा गुळाचा खडा.