तीन रविवार चुकीच्या खोलीत

पनवेलमध्ये दारू कुठे मिळते हे कुणाला विचारावं लागत नाही. पळस्प्याच्या फाट्यापासून निघालात तर पाट्याच हात धरून तुम्हाला घरापर्यंत आणून सोडतात. सोडायची कुठे, त्याला मात्र पाटी नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, रविवारी सकाळी दहा, अमुक शाळा, मागचा वर्ग. शाळा सापडली, मागचा वर्ग काही सापडेना. शेवटी कोपऱ्यावरच्या पानवाल्याला हळूच विचारलं. तोही हळूच, म्हणजे रस्त्यापलीकडच्या भाजीवालीला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, "दारू सोडायची मीटिंग ना मावशी? गेटातून आत, नळाच्या मागं. काका फार पितात काय?"

मी मान हलवली. त्याला हवी तशी हलली असावी.

आता तुम्हाला खरं सांगते, पिणारी मी. आमचे हे गळ्यात माळ घातलेले, हळदीच्या मांडवात सगळा गाव डुलत असताना कोपऱ्यात ताक घेऊन बसणारे. आमच्याकडे हळद म्हणजे मटण आणि बाटली. बायकांना आतल्या खोलीत स्टीलच्या पेल्यातून, कुणाला दिसू नये म्हणून. माहीत सगळ्यांनाच. पुढे पुढे हळद नसली तरी माझा पेला असायचा. कधी गुडघ्यांसाठी, कधी सर्दीसाठी. माझ्याइतकी सर्दी झालेली बाई अख्ख्या तालुक्यात नसेल.

मग एका भर दुपारी मी दारासमोरच्या ओट्यावर बसल्या बसल्या झोपले आणि दोन वर्षांची नात माझ्या मांडीवरून पायरीवर पडली. भुवईला चार टाके. सून भांडली असती तर बरं वाटलं असतं.  ती दुसऱ्या दिवसापासून कामावर जाताना नातीला शेजारणीकडे ठेवायला लागली, माझ्या डोळ्यांसमोरून नेऊन. मला नात परत हवी होती, म्हणून ती चिठ्ठी. गुडघे गेले खड्ड्यात.

तर त्या वर्गाच्या दारात एक गृहस्थ उभे. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "या मावशी. घरच्यांची मीटिंग शेजारच्या खोलीत." पांढरे केस, डोक्यावर पदर, म्हणजे कुणा पिणाऱ्याची बायकोच असणार, हे त्यांनी लांबूनच ओळखलं. एवढा हुशार माणूस, त्याला कशाला खोटं पाडा? गेले शेजारी.

तिथे आठ बायका. सगळ्यांचे नवरे पिणारे, एकीचा मुलगा. माझ्या पाठीवर हात ठेवून एक म्हणाली, "रडा मावशी, इथं चालतं." मी रडले. मग तिनेच विचारलं, बाटली लपवतात कुठे? मी म्हटलं, तांदळाच्या डब्यात. ती फणकारली, "बघा, पुरुषांना अक्कल कसली ती नाय! तांदळाचा डबा आपण रोज उघडतो." मला मनातून फार लागलं. ती जागा मी विचार करून निवडली होती.

असे दोन रविवार गेले. घरी येऊन मी पेला भरायची. नवऱ्याची एवढी गाऱ्हाणी सांगितल्यावर घसा सुकतोच की.

तिसऱ्या रविवारी हे मला न्यायला स्कूटरवरून लवकर आले आणि माझी चौकशी करताना दारातल्या गृहस्थांच्या तावडीत सापडले. मधे नुसतं फळीचं पार्टिशन, मला सगळं ऐकू येत होतं.

"या काका! मावशी तीन आठवडे येतायत तुमच्यासाठी."

"मी हिला न्यायला आलोय ओ."

"पहिल्या दिवशी सगळे असंच सांगतात. बसा."

दुसरा कुणी म्हणाला, "माळ घालूनपण सुटली नाय ना काका? माझंपण तसंच झालेलं."

मग खुर्ची करकरली. मी बाहेर काय सांगत फिरते ते ह्यांना तेवढ्यावरून कळलं असावं. आणि ह्यांचा आवाज आला, "हाय. मी पितो."

पलीकडे टाळ्या. इकडे बायका माझ्याकडे बघून डोळे पुसायला लागल्या. चाळीस वर्षं ह्या माणसाचा चांगुलपणा मी सोसलाय, भावकीत मिरवलाय, पण माझी दारूसुद्धा हेच अंगावर घेणार? उठले, तडक त्या खोलीत गेले.

"उठा ओ तुमी. हे कसले पितात! पिणारी मी हाय. नात माझ्या मांडीवरून पडली, तवा मी प्यायलेली होती."

टाळ्या बंद. गृहस्थ स्वतःची खुर्ची पुढे सरकवत म्हणाले, "बसा मावशी. आमीच आधी विचारायला पायजे होतं."

"आन मी?" ह्यांनी विचारलं.

"तुमी शेजारच्या खोलीत, काका. घरच्यांची मीटिंग."

गेले बिचारे. तांदळाच्या डब्यावरून आठ बायकांनी त्यांना काय काय ऐकवलं, ते अजून पूर्ण सांगत नाहीत.

घरी आल्यावर सुनेला तेच सांगितलं, त्याच शब्दांत. तिला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या तोंडून ऐकलं नव्हतं. ती पालेभाजी निवडत होती.

"आय, पुढच्या रविवारी जाणार?"

"जाणार."

"त्याच्या पुढच्या?"

"अगं, जाणार म्हटलं ना."

ती आत गेली आणि नातीला घेऊन आली. मांडीवर दिली नाही, माझ्यासमोर सतरंजीवर बसवली. मग भाजीची परात घेऊन स्वतः तिथेच, हात लांबवला तर पोर हाताशी येईल इतक्या जवळ बसली. एक मेथीची जुडी निवडायला तिने त्या दिवशी तास लावला.